बेताच्या खर्चात नेमबाजी



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या वाट्याला आलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तत्पूर्वी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले होते आणि २०२२ साली कैरो येथे ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद आणले. अंजली भागवत, सुमा शिरूर, राही सरनोबत ही नावेही मराठी घराघरांत पोहोचली आहेत.

अशा यशाची वार्ता आली की गावोगावच्या मुलामुलींच्या मनात नेमबाजीची ओढ निर्माण होते आणि त्याच वेळी पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : या खेळासाठी लागणारी बंदूक आपल्या ऐपतीतली आहे काय? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी परदेशी बनावटीची एअर रायफल दोन लाख रुपयांच्या पुढे जाते. शिक्षक, शेतकरी वा कारागीर यांच्या घरात एवढी रक्कम म्हणजे कर्जाचा विषय. काही पालक भावनेच्या भरात ते कर्ज काढतात. पुष्कळसे पालक हा श्रीमंतांचा खेळ आहे असे समजून मुलाला परत फिरवतात. या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पहिल्या दिवसापासून उत्तमोत्तम बंदूक हाती असल्याखेरीज नेमबाज घडत नाही, हा तो गैरसमज. त्याचा उलगडा करण्यासाठी हा खेळ नेमके काय मागतो ते पाहिले पाहिजे.

दहा मीटरचा हिशेब

नवशिक्याने सुरुवात करावी ती दहा मीटर एअर रायफलपासून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा प्रथम समावेश झाला आणि २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले तेही याच प्रकारात. छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, रायफलीचे वजन अधिकात अधिक साडेपाच किलो, आणि लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड या ठिपक्याला स्पर्शून गेली तरी दहा गुण मिळतात. याचा अर्थ असा की, छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. रायफलीच्या मागील व पुढील साइटमधील अंतर ऐंशी सेंटिमीटर धरले, तर त्या दोहोंच्या सरळ रेषेत एक पंचमांश मिलिमीटरची चूक झाली की दहा गुण हुकतात.

इतकी सूक्ष्मता ज्या खेळात आहे तेथे ताकदीला फारसे स्थान नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीतून छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा आठ जूलच्या आसपास असते. कागदावर स्वच्छ भोक पाडण्यास तेवढी पुरते. दुकानात मात्र नवख्या गिऱ्हाइकापुढे ‘अधिक ताकदीची’ म्हणून बंदूक ठेवली जाते आणि पैसे त्या ताकदीचे मोजले जातात. अशी बंदूक ओढून सज्ज करण्यास जड, तिचा धक्का मोठा आणि त्यामुळे नेम धरणे अधिक अवघड. शिवाय शस्त्र नियम २०१६ अन्वये, ज्या एअरगनची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक आहे किंवा जिचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, तिला परवाना आवश्यक ठरतो. यास्तव खरेदीपूर्वी हे दोन आकडे पाहावेत आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

दोन जाती, दोन स्वभाव

एअर रायफलींचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला स्प्रिंगचा. यात नळी मोडून स्प्रिंग दाबली जाते. घोडा ओढताच दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढील हवा दाबली जाते आणि ती छर्ऱ्याला ढकलते. भारतीय बनावटीच्या अशा रायफली काही हजार रुपयांत मिळतात. त्यांचा दोष असा की, छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच दट्ट्याच्या धावण्याने बंदूक हलते. प्रत्येक वेळी ती सारख्याच रीतीने धरली तरच छर्रे एका ठिकाणी पडतात. परंतु हाच दोष नवशिक्याचा कठोर गुरू ठरतो. पकड सैल झाली, खांदा सरकला किंवा नेम सोडण्याची घाई झाली, तर कागद ते तत्काळ दाखवितो.

दुसरा प्रकार सिलिंडरमधील दाबलेल्या हवेचा. त्यात धक्का जवळजवळ नसतो आणि घोडा अतिशय हलका असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच रायफलींवर खेळल्या जातात. अशी रायफल जुनी मिळत असेल तर सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख प्रथम पाहावी. मुदत संपलेले सिलिंडर बदलावे लागते आणि तो खर्च धरला की स्वस्त वाटलेला सौदा महाग पडतो. हवा झिरपते काय, नळीत गंज आहे काय, सुटे भाग देशात उपलब्ध आहेत काय, हेही जाणकाराकडून तपासून घ्यावे.

नवी बंदूक केव्हा घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक साधी कसोटी आहे. वाळूची पिशवी टेबलावर ठेवावी, तिच्यावर हात आणि हातावर रायफल ठेवून पाच छर्रे मारावेत. स्प्रिंगची रायफल थेट पिशवीवर टेकविली तर ती उसळते, म्हणून मध्ये हात हवा. कागदावर जो ग्रुप पडेल तो बंदुकीची मजल सांगतो. मग उभे राहून त्याच रायफलीने दुसऱ्या कागदावर पाच छर्रे मारावेत. हा ग्रुप पहिल्यापेक्षा जेवढा पसरलेला, तेवढी चूक नेमबाजाची.

बहुतेक नवशिक्यांचा उभ्याने पडलेला ग्रुप आधारावरच्या ग्रुपच्या कित्येक पट मोठा असतो. या अवस्थेत लाखाची रायफल हाती दिली तरी गुणांत फारसा फरक पडत नाही, कारण उणीव शरीराच्या स्थैर्यात असते. सरावाने हे दोन ग्रुप जवळजवळ येऊ लागले, म्हणजे मात्र बंदूक नेमबाजाला अडवीत आहे असे समजावे. दर महिन्याला हे दोन कागद तारीख घालून वहीत चिकटवून ठेवले, तर पालक, शिक्षक आणि खेळाडू या तिघांच्याही हाती पुरावा राहतो. कर्जाचा निर्णय मुलाच्या हट्टावर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता या वहीवर सोडावा.

घडवायचे ते काय

खर्च वाचावा म्हणून बंदूकच घरी तयार करावी, असा विचार एखाद्या कुशल कारागिराच्या मनात डोकावू शकतो. तो तेथेच सोडून दिला पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनविण्यास मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद झाली आहे. एअरगनची स्प्रिंग बदलून तिची ताकद वाढविण्याचा खटाटोपही कोणी करू नये. त्याने नेम सुधारत नाही आणि बंदूक मात्र धोकादायक होते.

कारागिराचे कौशल्य उपयोगी पडते ते बंदूक अंगास बेतून घेण्यात. कपडे जसे मापाचे हवेत तशीच रायफल मापाची हवी. कोपर काटकोनात दुमडून दस्त्याचा मागील भाग कोपराच्या खोबणीत टेकवावा. तर्जनीचे पेर घोड्यापर्यंत सहज पोहोचले तर लांबी योग्य. दस्ता आखूड असेल तर मागे रबराच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या बसवून तो वाढविता येतो. गालाखालील उंचीची परीक्षा डोळे मिटून करावी. रायफल खांद्यास लावून, गाल टेकवून डोळे उघडले असता दृष्टी थेट साइटमधून जावी. मान वाकवावी वा ताणावी लागत असेल, तर गालाखाली लाकडी पट्टी बसवावी. गावचा सुतार हे काम एका दुपारी करून देतो. लहान अंगाच्या मुलांना जड रायफल देऊ नये. तिचा तोल सांभाळण्यासाठी ती कंबरेतून मागे झुकतात आणि ही सवय पुढे पाठीला भोवते.

छर्रे, लक्ष्य आणि जागा

छर्रे सपाट डोक्याचे घ्यावेत. ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद राहत नाही. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. म्हणून एकदम मोठी खरेदी करण्याआधी दोन-तीन प्रकारचे छर्रे आधारावरून मारून पाहावेत आणि ज्याचा ग्रुप सर्वांत लहान तोच प्रकार पुढे ठेवावा. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्यावाचून मुलांनी काही खाऊ नये.

दहा मीटरची जागा शाळेच्या सभागृहात किंवा लांब ओसरीतही मिळू शकते. लक्ष्यामागे भक्कम लाकडी पेटी, तिच्या आत खालच्या बाजूस कललेला लोखंडी पत्रा आणि पुढे जाड कापडाचा पडदा असला म्हणजे छर्रे पेटीतच राहतात. तिच्यामागे पक्की भिंत हवी आणि नेमबाज व लक्ष्य यांच्या दरम्यान उघडणारे एकही दार नसावे. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर ठेवावा व त्यावर सारखा प्रकाश पडेल अशी व्यवस्था करावी. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच, बोट घोड्याबाहेर, आणि कोणीही पुढे गेलेले असताना बंदुकीला हात नाही, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून पाळले गेले पाहिजेत. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा आणि शेजारी जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी.

छर्ऱ्याविना सराव

या खेळातील सर्वांत मोलाचा सराव विनामूल्य आहे. साठ फैरींची स्पर्धा सव्वा तास चालते; तेवढा वेळ साडेपाच किलोपर्यंतचे वजन उचलून पुन्हा पुन्हा तोच पवित्रा घ्यावयाचा असतो. घरातील भिंतीवर एक काळा ठिपका लावून रिकाम्या रायफलीने दररोज अर्धा तास नुसता पवित्रा धरला, तरी पाय, कंबर आणि श्वास यांना वळण लागते. पवित्रा घेऊन डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी ठिपक्याच्या डावीकडे वा उजवीकडे गेलेली दिसली, तर हातांनी ओढून न आणता पावले किंचित सरकवावीत. शरीर जिथे आपोआप स्थिरावते तिथेच नेम टिकतो. मात्र स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याविना कधीही उडवू नये. दट्ट्या मोकळाच आदळून आतील भाग निकामी होतात.

एकाची नव्हे, अनेकांची रायफल

एक रायफल, दहा मुले आणि एक वही एवढ्या भांडवलावर एखादी माध्यमिक शाळा या खेळाची सुरुवात करू शकते. एक जण उभा असताना दुसरा कागद मोजतो, तिसरा त्याचा पवित्रा पाहतो आणि उरलेले छर्ऱ्याविना सराव करतात. देशातील राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने चालत आलेल्या स्पर्धेने असंख्य नवोदितांना राष्ट्रीय पातळीची वाट दाखविली आहे. जिल्हा रायफल संघटनेचे सभासदत्व घेतल्यास सरावाची जागा आणि जाणकाराची नजर या दोन्ही गोष्टी लाभतात.

स्वप्नील कुसाळे २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले आणि तेथेच त्यांनी नेमबाजीची निवड केली. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत त्यांनी हा खेळ चालू ठेवला. कुटुंबाचा त्याग आणि संस्थेचे पाठबळ यांची जोड मिळाल्याशिवाय शिखर गाठता येत नाही हे खरेच. परंतु पहिली पायरी चढण्यास मापाची केलेली साधी रायफल, सुरक्षित दहा मीटर जागा आणि नियमाने भरलेली वही पुरेशी आहे. एवढी सोय प्रत्येक तालुक्यातील एका तरी शाळेने केली, तर ‘हा खेळ आपला नव्हे’ असे सांगून कोणा मुलाला परत पाठविण्याची वेळ पालकांवर येणार नाही.