आधीं झाडू, मग भाषण



लोककार्यास आरंभ कोठून करावा, याचें उत्तर आम्हां वऱ्हाडकरांस दूर शोधावयास नको. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा ज्या गांवीं जात, तेथील रस्ते प्रथम झाडीत; कीर्तन रात्रीं. झाडतांना गांवाची घाण कोठें सांचते तें त्यांस दिसे, म्हणूनच रात्रींचा शब्द लोकांस लागे.

आपणही मंडळ आणि पावतीपुस्तक यांच्या मागें प्रथम लागूं नये. दोघांतिघांनीं एक वही घेऊन निघावें. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट. तेथें कोणत्या नळास कितव्या दिवशीं पाणी येतें, कोणत्या मुलीची शाळा घागरीपायीं बुडते, हें महिनाभर टिपावें व ती वही ग्रामसभेंत वाचावी. योजनेचा पैसा कोठें खर्चला हें कोणी सांगत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें दहा रुपये भरून लेखी अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. पोंच घेतल्यावांचून मात्र कचेरींतून परतूं नये!

हें काम संथ आहे, आणि टाळ्या त्यांत नाहींत. मेळघाटच्या पायथ्याशीं असलेल्या पायविहीर गांवानें उजाड रानावर २०१२ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला, झाडें लावून राखलीं, आणि तेथील सीताफळांची विक्री गांव स्वतः करूं लागलें. तेथेंही निर्णय झाले ते ग्रामसभेंतच.

ग्रामसभा वर्षांतून चार वेळां तरी भरावी लागते. आपल्या गांवची पुढची कोणत्या तारखेस आहे, हें उद्यांच पंचायतींत जाऊन विचारावें.