मत्स्यबीज जिवंत आणू, मासा जिवंत विकू

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मत्स्यसखीने केलेले भाषण)



पाऊस लागला की आपल्या नांदेड-लातूरकडच्या गटांत एकच बोलणं निघतं: बीज कधी आणायचं? रोहू, कटला, मृगळ यांचं बीज पावसाळ्यात मिळतं. ते शेततळ्यात, गावतलावात सोडायचं अन् पाणी आटायच्या आत मासा काढायचा. आपल्याकडं पाण्याचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळा लागला की कित्येक तळ्यांचा तळ दिसतो. म्हणून ऑगस्टात मेलेल्या बीजाची भरपाई नंतर होत नाही. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

अन् मेलेलं बीज दिसतंच असं नाही. प्रवासात दमलेलं पिलू काठावर सोडलं की पोहत जातं, आपल्याला वाटतं जगलं. दोन-तीन दिवसांनी ते तळाशी मरतं. मग मासा कमी निघाला की आपण म्हणतो, चोरी झाली, पाणी बाधलं, खाद्य कमी पडलं. खरं काय, ते कळायला आपल्याकडं आकडाच नसतो.

पिशवीत काय होतं?

मासासुद्धा ऑक्सिजनवरच जगतो, फक्त तो पाण्यातून घेतो. पाण्यात तो फार थोडा मावतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, अन् ३० अंशाला साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो, अन् त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. उलट एक लिटर शुद्ध ऑक्सिजन वायू म्हणजे सुमारे १,३०० मिलिग्रॅम. म्हणूनच पिशवीत एक भाग पाणी अन् दोन भाग ऑक्सिजन भरतात. "पाणी जास्त घाला हो" असा आग्रह आपण धरायचा नाही. पूर्वी बंगालात मातीच्या हंड्यांतून बीज न्यायचे, तेव्हा माणसं वाटभर हातानं पाणी हलवत बसायची. कारण हेच, पाण्यात हवा मिसळत राहावी.

दुसरी गोष्ट, बीज उपाशी हवं. गाडी लागणाऱ्या लेकराला आपण पोटभर जेवू घालून एसटीत बसवत नाही, तसंच हे. भरल्या पोटाचं बीज पिशवीतच घाण करतं, अन् त्या घाणीतून तयार होणारा अमोनिया त्याच पाण्यात साचतो. बीज एक दिवस उपाशी ठेवून भरलंय का, हे केंद्रावर विचारा. विचारायला लाजू नका, पैसे आपण देतोय.

पिशव्या सावलीत ठेवा, वर ओलं पोतं टाका, गाडी चहापाण्याला उन्हात उभी करू नका. अन् बीज आणायला गटातल्या दोघींनी जायचंच. "बाया कशाला गाडीत?" असं कुणी म्हटलं, तर म्हणायचं, कर्जावर सही आमची आहे.

तळ्याच्या काठावर

पिशवी फोडून बीज धबकन ओतायचं नाही. आधी बंद पिशवी १५ ते २० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारख्या तापमानाला येतं. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं आत घाला. उघडलेली पिशवी फार वेळ तशीच ठेवू नका. दहा मिनिटांत ती आडवी करा अन् पिलं आपली आपण बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी करावं. पाणी गर्द हिरवं असेल तर मात्र पहाटे नको. रात्रभर शेवाळानंही पाण्यातला ऑक्सिजन खाल्लेला असतो, थोडा सूर्य वर येऊ द्या.

शंभर मोजा

आजच्या बोलण्यातलं एवढं एक तरी घरी न्या. सोडताना वेगवेगळ्या पिशव्यांतली मिळून शंभर पिलं मोजा अन् तळ्यातच जाळीच्या पेटीत ठेवा. या पेटीला हापा म्हणतात. साध्या मच्छरदाणीच्या कापडाची पेटी शिवून चार काठ्यांना बांधली की झालं. मात्र औषध लावलेली मच्छरदाणी अजिबात नको, त्या औषधानं मासे मरतात.

दोन दिवसांनी जिवंत किती ते मोजा. शंभरातली ८५ जगली, तर २,००० बीजातली साधारण १,७०० जगली असं धरायचं. पक्षी-साप खातील ते वेगळं. आकडा गटाच्या रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी कुठून बीज घ्यायचं, खाद्य किती आणायचं, हे त्यावरून ठरवता येतं. विकणाऱ्याशी बोलतानाही तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेला आकडा कामाला येतो.

पकडलेला मासा

परदेशात हौशी मासेमारांच्या बोटीत टाकीच असते. पंप बाहेरचं ताजं पाणी सतत आत घेतो अन् मासा, आमिषाची छोटी मासळीसुद्धा, जिवंत राहते. आपल्याकडं थर्मोकोलचा तराफा असला, तरी हेच साधता येतं. जाळीची पिशवी तराफ्याला बांधून पाण्यातच सोडा, ताजं पाणी आपोआप मिळतं.

आठवडी बाजारात जिवंत माशाला भाव असतो, विशेषतः मरळीला. मरळ अन् देशी मागूर वर येऊन हवा घेतात, म्हणून थोड्या पाण्यातही टिकतात. पण भांडं काठोकाठ भरून घट्ट झाकण लावलं, तर तेही गुदमरतात. वर मोकळी जागा ठेवा अन् जाळी बांधा, नाहीतर मरळ उडी मारते. मासा ओल्या हातानंच धरा, अंगावरचा चिकट थर निघाला की तो लवकर जातो. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं, ते उघड्या भांड्यात दिवसभर उन्हात ठेवून मगच वापरा. बोअरच्या पाण्यात हवा कमी असते, ते उंचावरून ओता. दहा लिटर पाण्याला दोन मोठे चमचे खडे मीठ टाकलं, तर माशाला प्रवास सोसतो.

रोहू-कटल्याला बॅटरीवरचा हवेचा पंप नसेल, तर जिवंत नेण्याचा हट्ट नको. माशाइतकाच बर्फ घाला अन् ताजा म्हणून विका. अन् आफ्रिकन मागूर, ज्याला थाई मागूर म्हणतात, त्यावर आपल्या देशात बंदी आहे. स्वस्त मिळाला तरी तळ्यात आणू नका.

काही अडलं तर उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे. तिथं जाऊन विचारा.

या हंगामात ज्या गटांना बीज आणायचंय, त्यांनी पुढच्या बैठकीत दोन ठराव लिहावेत: गाडीत कोण दोघी जाणार, अन् शंभर पिलं कोण मोजणार. दिवाळीनंतरच्या सभेला सगळे आकडे एकत्र मांडू, मग कुणाचं बीज कुठं गेलं ते कळेल.