मुलांचा कंठ : त्याचे विकार व त्याची जपणूक

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील व्याख्यान)



आज सकाळीं मिस्साबलिदानाच्या वेळीं आपल्या मुलांनीं जें गायन केलें, तें ऐकून आपणां सर्वांचीं मनें भरून आलीं असतील. माझें लक्ष मात्र मध्यें मध्यें दुसरीकडे जात होतें. पहिल्या रांगेंतील दोन मुलांचे आवाज घोगरे येत होते, आणि मागच्या रांगेंतील एक उंच मुलगा नुसते ओठ हालवीत होता. घशाच्या विकारांवर उपचार करणें हा माझा व्यवसाय असल्यामुळें हें माझ्या ध्यानांत आलें, हें खरें. परंतु त्याहून मोठें कारण निराळें आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं ओठ हालविणारा असाच एक मुलगा मी होतों. म्हणून महोत्सव समितीनें मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां हाच विषय मीं निवडिला.

आवाज उत्पन्न होतो तो कसा, हें प्रथम पाहूं. श्वासनलिकेच्या तोंडाशीं स्वरयंत्र असतें, व त्यांत मऊ आवरणाच्या दोन लहान स्नायुमय घड्या असतात. त्यांस स्वरतंतू म्हणतात. उच्छ्वासाचा वारा त्यांच्यामधून जाऊं लागला म्हणजे ते एकमेकांवर आपटतात आणि ध्वनि निघतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे हे तंतू अवघे अडीच ते तीन मिलिमीटर लांब असतात. पुढें प्रौढ स्त्रीचे ११ ते १५, व पुरुषाचे १७ ते २१ मिलिमीटर होतात. लहान मूल बोलतें तेव्हां ते एका सेकंदांत सुमारें २५० ते ३०० वेळां एकमेकांवर आदळतात. म्हणजे एक मिनिट सतत ओरडणाऱ्या मुलाच्या गळ्यांत निदान १५,००० टाळ्या वाजतात! आणि ज्यांवर त्या वाजतात, त्या तंतूंच्या आंतील थरांची घडण पौगंडावस्था संपेपर्यंत पुरी झालेली नसते.

हें नाजूक यंत्र चालू असतांना पाहण्याची युक्ति प्रसिद्धीस आणिली ती कोणा वैद्यानें नव्हे, तर मान्युएल गार्सिया नांवाच्या एका गायनशिक्षकानें. १८५४ सालीं त्यांनीं दंतवैद्याचा लहानसा आरसा स्वतःच्या घशांत धरिला, दुसऱ्या आरशानें सूर्याचा उजेड त्यावर पाडिला, व आपलेच स्वरतंतू हालतांना पाहिले. आज त्या आरशाच्या जागीं बारीक दुर्बीण आली आहे, व बहुतेक मुलांस भूल न देतां ती तपासणी थोडक्या वेळांत होते. तेव्हां तपासणीच्या भीतीनें मुलाला घरीं बसवून ठेवण्याचें कांहींच कारण उरलेलें नाहीं.

मुलांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या घोगरेपणाचें सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे स्वरतंतूंवरील गांठी. रोज कुदळ धरणाऱ्या बागायतदाराच्या तळहाताला घट्टे पडतात, हें आपणांस सांगावयास नको. तसेंच ओरडून बोलणाऱ्या मुलाच्या दोन्ही तंतूंवर, जेथें आघात सर्वांत जोराचा तेथें, समोरासमोर दोन बारीक घट्टे येतात. मग तंतू नीट मिटत नाहींत, मधून वारा निसटतो, आवाज फाटका येतो. तो फाटकेपणा झांकण्यासाठीं मूल अधिक जोर लावितें, आणि घट्टे वाढतात. मुलींपेक्षां मुलग्यांत हा विकार अधिक आढळतो. गांठ हा शब्द ऐकतांच आईबापांच्या छातींत धस्स होतें. पण ह्या गांठी कर्करोगाच्या नव्हेत, व त्या कापून काढण्याची गरज क्वचितच पडते. कापल्या आणि ओरडण्याची संवय तशीच राहिली, तर त्या पुन्हां येतात. खरा उपचार म्हणजे आवाज वापरण्याचें शिक्षण. श्वास कसा घ्यावा, स्वर हळुवार कसा उचलावा, मान सैल कशी सोडावी, हें वाणीचिकित्सक मुलांस खेळाच्या रूपानें शिकवितात. ह्या शास्त्राच्या शिक्षणाची व उपचाराची मोठी संस्था म्हैसूर येथें १९६५ सालीं निघाली. आपल्या मुंबईंत वांद्रें येथें अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं स्थापन झाली.

परंतु ही शिकवणी आठवड्यांतून घटकाभर, आणि घर मात्र दिवसभर! एकदां एका गृहस्थानें माझ्यासमोर आपल्या मुलाला, “हळू बोल म्हणून कितीदां सांगितलें तुला!” असें इतक्या मोठ्यानें दटाविलें कीं, बाहेर बसलेले रोगी आंत डोकावूं लागले. त्या मुलाच्या विकाराचें निदान मला तेथेंच झालें. ज्या घरांत दूरदर्शन संच अखंड चालू, एका खोलींतून दुसऱ्या खोलींत हाका, आणि जो मोठ्यानें बोलेल त्याचेंच ऐकावयाचें, त्या घरांत मूल ओरडणार नाहीं तर काय करील? म्हणून पथ्य मुलाच्या आधीं वडील माणसांनीं पाळावें. मुलाशीं बोलावयाचें तर त्याच्याजवळ जावें. तें बोलत असतां त्याचें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. पाणी वरचेवर प्यावयास द्यावें. सारखें खांकरण्याची संवय मोडावी. घसा बसला असतां कुजबुजावयास सांगूं नये. जोरानें कुजबुजण्यानेंही तंतूंवर ताण पडतो. त्यापेक्षां मुकाट्यानें विश्रांति घेणें बरें. दम्यासाठीं तोंडावाटें औषधाचा फवारा घेणाऱ्या मुलानें नंतर चूळ भरावी. आणि मूल नेहमींच मोठ्यानें बोलत असेल, तर त्याचे कान तपासावे. पुष्कळदां त्याला स्वतःलाच कमी ऐकूं येत असतें. ज्येष्ठमध किंवा खडीसाखर चघळल्यानें घसा ओला राहून बरें वाटतें, तेवढ्यापुरतीं तीं अवश्य द्यावीं; मात्र गिळलेला पदार्थ अन्ननलिकेंत जातो, स्वरतंतूंवरून जात नाहीं, हें विसरूं नये.

आतां धोक्याच्या गोष्टी सांगतों. सर्दीनें बसलेला आवाज एकदोन आठवड्यांत सुटतो. तीनचार आठवडे लोटूनही सुटला नाहीं, तर तज्ज्ञाला दाखवावें. परंतु मूल श्वास घेतांना घरघर किंवा शीळ वाजत असेल, दूध पितांना गुदमरत असेल, अथवा शेंगदाणा वगैरे खातांना ठसका लागून एकाएकीं आवाज बदलला असेल, तर एक तासही दवडूं नये. तडक रुग्णालय गांठावें. लहान बाळांस होणारा एक विकार असा आहे कीं, त्यांत स्वरयंत्रांत चामखिळीसारखे कोंब पुन्हां पुन्हां उगवतात व श्वासाची वाट अडवितात. त्याचें कारण एचपीव्ही ह्या विषाणूच्या ६ व ११ क्रमांकांच्या जाती. तो बहुधा जन्माच्या वेळीं आईकडून बाळाला मिळतो. मुलींस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वांचविण्यासाठीं जी लस देतात, तिच्या ज्या प्रकारांत ह्या दोन जातीही अंतर्भूत असतात, त्या प्रकारच्या लसीनें पुढील पिढीच्या बाळांचे गळेही राखले जातात. ऑस्ट्रेलियानें २००७ सालीं मुलींस अशी लस देण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर तेथें बाळांचा हा विकार फारच विरळा झाला.

शेवटीं त्या मागच्या रांगेंतील मुलाकडे वळतों. सुमारें १२ ते १५ वर्षांच्या वयांत मुलग्याचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें, व आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. मुलीचाही उतरतो, परंतु थोडा. हा बदल होत असतां कांहीं महिने आवाज मध्येंच फुटतो. हा विकार नव्हे, ही वाढ आहे. जगप्रसिद्ध संगीतकार हायडन हे व्हिएन्ना येथील संत स्तेफन मंदिराच्या गायकवृंदांत होते. आवाज फुटला तेव्हां, १७४९च्या सुमारास, त्यांनाही तेथून निघावें लागलें.

मी चौदा वर्षांचा असतां एका सणाच्या दिवशीं भर गायनांत माझा आवाज फुटला. सारी रांग हंसली, गायनशिक्षकही हंसले. त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. पण त्या दिवसापासून मीं माझा नवा आवाज गळ्यांत दाबून धरिला, आणि जुन्या बारीक आवाजांतच बोलूं लागलों. पांच वर्षें! वर्गांत उत्तर येत असूनही हात वर केला नाहीं; तोंडी परीक्षेंत गप्प बसून नापास झालों; घरीं कोणी पाहुणे आले कीं विहिरीवर जाऊन बसत असें. घरच्यांस वाटे, हा स्वभावानेंच घुमा. अखेर कॉलेजांत असतां एका वाणीचिकित्सक बाईंनीं मला खोकावयास सांगितलें. खोकलों तो खोल पुरुषी आवाजांत. त्यांनीं माझ्या कंठमण्यावर बोट ठेवून तो किंचित् खालीं दाबिला, आणि म्हणाल्या, “आतां ह्याच आवाजांत आकडे मोजा.” मीं दहापर्यंत मोजले, आणि माझ्याच आवाजानें दचकून रडूं लागलों. थोड्याच बैठकींत मी बरा झालों. जें पांच वर्षें सोसलें, तें पंधरवड्यांत फिटणारें होतें. मला वेळेवर तसें सांगणारें कोणी नव्हतें, एवढेंच.

म्हणून बंधुभगिनींनो, माझें मागणें लहान आहे. घोगऱ्या मुलाला ‘ह्याचा आवाजच तसा’ म्हणून सोडून देऊं नका. ज्याचा आवाज फुटत आहे त्याला हंसूं नका, त्याच्यावर उंच पट्टी लादूं नका, आणि गायकवृंदांतून काढूंही नका. त्याला सोसेल त्या खालच्या सुरांत गाऊं द्या, आणि न सोसेल त्या दिवशीं नुसतें पुस्तक धरून उभें राहूं द्या. मंदिराच्या भिंतींस आपण ह्या महोत्सवानिमित्त नवा रंग दिला. पुढील पन्नास वर्षें त्या भिंतींमध्यें जे आवाज घुमावयाचे, ते आज आपल्या घरांत आहेत. त्यांची जपणूक आपल्या हातीं आहे.