गायतोंडे बघायचे कसे?

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस हमखास विचारतो, "पण यात आहे काय?" आज या प्रश्नाला थोडा वेळ बाजूला बसवू या.

गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढले आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेऊन बाहेर पडले. पुढची बरीच वर्षं त्यांनी वॉर्डन रोडवरच्या, दिवंगत वकील भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात काढली. समुद्राला लागून असलेल्या या बंगल्यात चित्रकारांना नाममात्र भाड्यात खोल्या मिळत. एकीकडे चित्रकार हुसेन रंगवतायत, दुसरीकडे रविशंकरांची सतार, तिसरीकडे नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकाची तालीम! खिशात मात्र कुणाच्याच फारसं काही नसे. त्या पिढीची परिस्थितीच तशी होती. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती, तर चित्रकार आरा यांनी लोकांच्या मोटारी धुतल्या होत्या. गायतोंड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. हातात पैसा नसताना कमी काम करायला फार मोठी छाती लागते, असं माझं मत आहे.

आता त्यांचं चित्र बघू. रंग ते रोलरने लावत, पॅलेट नाईफने खरवडत, मग त्यावर पुन्हा थर देत. खालचा थर वरच्यातून डोकावतो, म्हणून उजेड कॅनव्हासच्या आतून आल्यासारखा वाटतो. आधी आठ-दहा पावलं मागे उभे राहा. साठच्या दशकातल्या कित्येक चित्रांत एक आडवी, पुसट रेघ सापडेल. तिला लगेच क्षितिज म्हणू नका. ती कुठे दाट होते, कुठे विरते, एवढंच बघा. मग जवळ जा. खरवडलेल्या जागी रंगाची बारीक कड उभी राहिलेली दिसेल. परत मागे या. ती कड नाहीशी झालेली असेल, तिचा उजेड मात्र उरलेला असेल. रागाच्या आलापीत आपण शब्द शोधत बसतो का? तसंच हे.

याचा सराव घरापाशी, बोरीवलीतही होतो. ओहोटीला गोराईच्या जेट्टीवर जा. चिखल, पाणी आणि आभाळ यांचे राखाडी रंग वेगवेगळे मोजून बघा. दोनच दिसले तर अजून थोडं थांबा.

गायतोंडे १९७२ साली दिल्लीला गेले. १९८४ साली त्यांना अपघात झाला. त्यानंतर काही वर्षं मोठा कॅनव्हास जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. २००१ साली ते गेले. २०१५ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९ कोटींवर बोली लागली. तो आकडा कृपा करून विसरा, चित्र बघताना तो फार आडवा येतो.

येत्या रविवारी बोरीवलीहून चर्चगेट फास्ट लोकल पकडा आणि चर्चगेटला उतरून काळा घोड्यापर्यंत पायी जा. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, समोरच्या चौकापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. त्या दिवशी भिंतीवर गायतोंडे असतीलच असं नाही. जे असेल त्यातलं एकच चित्र निवडा, पंधरा मिनिटं द्या आणि तोवर मोबाईल खिशातच राहू द्या.