तांब्या ओट्यावरच हवा

हौशी रेडिओ संचाला आर्डुइनो जोडायचा, तर त्यावर बसणारा एक पूरक बोर्ड लागतो. त्यालाच शिल्ड म्हणतात. हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटेक्स ४० संचाबरोबरचा ‘राड्युइनो’ याच जातीचा. आर्डुइनो नॅनो, फ्रिक्वेन्सी निर्माण करणारी एसआय५३५१ चिप आणि एक डिस्प्ले, एवढ्यात ट्यूनिंगचे काम भागते.

आर्डुइनो युनोसाठी असा शिल्ड घरी करायला झिरो पीसीबी पुरतो; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो सहज मिळतो. अडचण येते पिनांची. ७ आणि ८ या पिनांमध्ये ०.१६ इंच अंतर, तर पीसीबीची भोके ०.१ इंचावर. त्यामुळे एका हेडरच्या पिना थोड्या वाकवाव्या लागतात.

खरी मेख वीजपुरवठ्यात असते, आणि नेमके तिकडेच कोणी बघत नाही. युनोचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे. दर ठोक्याला चिप विजेचा एक घोट घेते. लांबच्या तारेतून हा घोट वेळेवर पोचत नाही, पुरवठा हिंदकळतो आणि रिसीव्हरमध्ये खरखर उमटते. गच्चीवर हजार लिटरची टाकी असली, तरी कणीक मळताना पाणी ओट्यावरच्या तांब्यातलेच घेतात. हा तांब्या म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दुकानातला ‘१०४’. तो चिपच्या पुरवठा आणि ग्राउंड पिनांना अगदी लागून हवा. हौशी मंडळी तो लावतात, पण बोर्डाच्या कोपऱ्यात, जागा उरेल तिथे! तांब्या ओसरीवर ठेवून कणीक कशी मळणार? मोठा इलेक्ट्रोलिटिक लावला की झाले, असेही काहींना वाटते. ती दुसरी टाकी झाली, तांब्या नव्हे. दर चिपला स्वतःचा तांब्या हवा.

एसआय५३५१ ला ३.३ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर ती थेट जोडू नये. तिलाही १०४ हवाच, पिनेलगत. तिच्यातून चौकोनी लहर निघते. ७.१ मेगाहर्ट्झच्या अशा लहरीत २१.३ मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक जोरदार असतो, आणि तो पडतो १५ मीटरच्या बँडमध्ये. म्हणून ही लहर वाढवून अँटेनाकडे सोडण्याआधी लो-पास फिल्टर लागतोच.

बोलण्याच्या बटणाचा, म्हणजे पीटीटीचा, रिले थेट आर्डुइनोच्या पिनेवर चालवू नये. पिनेतून २० मिलिअँपिअरच घ्यावेत. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड असावा. बोलायला बटण दाबताच आर्डुइनो रीसेट होत असेल, तर प्रोग्रामला बोल लावण्याआधी १०४ कुठे बसला आहे ते पाहावे. तो चिपपासून दोन इंचांवर असेल, तर आधी तो जवळ आणावा. मग तारांवर फेराइटचे मणी ओवावेत.

चाचणी डमी लोडवरच घ्यावी. अँटेना जोडून प्रक्षेपण करायला हौशी केंद्राचा परवाना लागतो.