सत्ता कुठे आणि सत्ता कुणाची?

१७८६ साली मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालयांचे कामकाज रोखून धरले. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कॅप्टन. हे बंड मोडण्यास मध्यवर्ती काँग्रेसपाशी पैसा नव्हता. तो बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पुरविला. १७८७ च्या राज्यघटनेने केंद्र बलिष्ठ केले आणि राज्यांना कागदी चलन काढण्यास, कर्जाचे करार सैल करण्यास मनाई केली. सावकारांना हवे होते ते मिळाले. विरोधकांच्या रेट्यामुळे १७९१ साली हक्कांची सनद घटनेत आली, हे श्रेय त्यांचेच. परंतु राज्यांच्या अधिकारांचा घोष करणाऱ्या दक्षिणेतील मळेवाल्यांनीच पळालेले गुलाम धरून आणण्यासाठी १८५० साली केंद्राकडून कडक कायदा करवून घेतला. म्हणून कॉम्रेड्स, केंद्र की राज्ये, एवढे विचारून भागत नाही. सत्ता कोणत्या वर्गाच्या हाती, हेही विचारले पाहिजे.