शिवी, साक्ष आणि कायदा

समजा, बाजाराचा दिवस आहे. एस. टी.च्या थांब्यावर बांधावरून दोघांची जुंपते. एकजण दुसऱ्याला नाही नाही त्या शिव्या देतो. शिव्या खाणारा संध्याकाळी शाळामास्तरांकडे येतो. म्हणतो, "गुरुजी, तेवढा अर्ज लिहून द्या." गुरुजी लिहितात, 'अमक्याने मला अश्लील शिवीगाळ केली.' नेमके शब्द कागदावर उतरवायला त्यांना संकोच वाटतो. संकोच साहजिक आहे. पण त्यापायी खरी तक्रारही लंगडी पडते.

कसे ते पाहू. १८६० सालची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २९६ कलमाला तीन गोष्टी लागतात. जागा सार्वजनिक हवी, निदान तिच्याजवळची. शब्द अश्लील हवेत. आणि त्यांचा इतरांना उपद्रव झालेला हवा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता शिवी घाणेरडी असली म्हणजे ती कायद्याने अश्लील झालीच, असे नव्हे. जुन्या २९४ कलमाखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हेच सांगितले. नुसती शिवीगाळ पुरत नाही. शब्दांत कामुकतेचा अंश हवा. त्या खटल्यात आरोपीचे शब्द कोणते, हे कागदपत्रांत कोठेच नव्हते. ऐकून त्रास झाला, असे सांगणाराही कोणी नव्हता. मग गुन्हा ठरणार कसा?

मग साध्या शिवीला कायदाच नाही का? आहे. ३५२ कलम पाहा. येथे जागेची अट नाही. मुद्दाम अपमान करून समोरच्याला डिवचले, आणि तो चिडून शांतता बिघडवील हे ठाऊक असूनही डिवचले, तर हा गुन्हा होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मात्र तो अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही.

स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काही बोलले वा हावभाव केले, तर ७९ कलम लागते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला त्या जातीजमातींबाहेरच्या कोणी लोकांच्या देखत जातीवरून शिवी दिली, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेथेही 'लोकांच्या देखत' हे शब्द महत्त्वाचे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडले, तर ते कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले.

म्हणून शिक्षक मित्रहो, अर्ज लिहाल तेव्हा तक्रारदाराला चार प्रश्न विचारा. कोठे घडले? कोणी ऐकले? त्याआधी नि त्यानंतर काय झाले? आणि शब्द कोणते होते? ते जसेच्या तसे लिहा. लाज बोलणाऱ्याला वाटावी, लिहिणाऱ्याला नको. मात्र न घडलेला शब्द पदरचा घालू नका.

आणि ज्यांनी शिवी ऐकली त्यांना एकच विनंती. हात उचलू नका. शिवी देणारा राहील बाजूला, आणि आरोपी व्हाल तुम्ही. त्यापेक्षा ऐकणाऱ्या दोघांची नावे लक्षात ठेवा. तीच पुढे कामी येतील.